परत आलेल्याच्या नावे

लिहून ठेवते ती मी, या घराची मालकीण, वयाची सत्तरी ओलांडलेली, धंदा लेखन (सरहद्दीवरच्या मुलखाबद्दलचं, कथा-कादंबऱ्या नव्हेत), शरीराने मोडकळीला आलेली आणि डोक्याने ठणठणीत. डोक्याचा दाखला गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले: आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, आणि यजमानांचं नाव काय. पहिल्या दोन्हींची उत्तरं मी चटकन दिली. तिसऱ्याला जरा वेळ घेतला. डॉक्टर म्हणाले, "या वयात लाजताय की काय?" मी म्हटलं, हो.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भरीला पडून किंवा रागाच्या भरात करत नाही. राग आहे, पण त्याची वेगळी सोय पुढे केली आहे.

मृत्युपत्र करायचं कारण असं. मला आता फार दिवस नाहीत, मूलबाळ नाही, आणि घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी काही न लिहिता गेले तर घर नवऱ्याला जाईल, आणि नवरा नसेल तर धाकट्या दिरांना. हे दीर गेली काही वर्षं गावभर सांगत सुटले आहेत की, माझ्या घरात राहतो तो माणूस त्यांचा भाऊ नव्हेच. "दादा तिकडे सरहद्दीवरच गेला. वहिनींनी कुणाला तरी घरात घेतलंय." वकीलबाई म्हणतात, कोर्टात हे टिकेल न टिकेल, पण म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढायला एवढंसुद्धा पुरतं. तेव्हा प्रश्न एवढाच आहे: माझ्यामागे यांच्या डोक्यावर छप्पर राहतं की नाही.

वकीलबाईंच्या मसुद्यात "माझे पती" असे दोन शब्द होते. ते मी खोडले. खात्री न केलेलं वाक्य मी आयुष्यात छापलेलं नाही. का खोडले ते सांगायचं आहेच, पण आधी किरकोळ वाटण्या उरकते.

कलम पहिलं: पुस्तकं. माझ्या सर्व पुस्तकांचे हक्क आणि त्यांतून जे काही चणेफुटाणे येत असतील ते गावच्या वाचनालयाला द्यावेत. त्यांनी त्यातून आधी छत दुरुस्त करावं, मग माझा फोटो लावायचा की नाही ते ठरवावं.

मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागले होते. सरहद्दीवर जाणारा बातमीदार पाय मोडून घरी बसला आणि संपादकसाहेब मान वर न करता म्हणाले, "बाईंना पाठवा. दोन दिवसांचं तर काम." ते दोन दिवस माझी सगळी नोकरी संपेपर्यंत चालले. पहिली बातमी एका न्हाव्याची होती. नवी रेघ त्याच्या दुकानामधून गेली होती. खुर्ची अलीकडे, आरसा पलीकडे. न्हावी म्हणाला, "दाढी इथे होते बाई, पण झाली की नाही ते परदेशात बघावं लागतं." मी हसत हसत लिहून घेतलं. मग स्वतः खुर्चीत बसून पाहिलं. उठताना मला वाटलं, आरशातली बाई माझ्याआधी उठली. पण वाटलं ते छापायचं नसतं. मी छापलं नाही.

तिथेच माझी कामाची पद्धत ठरली. सरहद्दीबद्दलची कुठलीही गोष्ट दोन्हीकडून विचारायची. अलीकडचा एक माणूस, पलीकडचा एक माणूस. दोघांचं जुळलं तर छापायची, नाही जुळलं तर तेवढं पान कोरं. या पद्धतीपायी माझी पुस्तकं बारीक झाली. प्रकाशक कुरकुरायचे, "बाई, अहो थोडं घाला की पदरचं!" माझ्या पदराला काही नव्हतं.

कलम दुसरं: राग. एका मोठ्या समीक्षकांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, "लेखिकेकडे निष्ठा आहे; कल्पनाशक्तीचा मात्र अभाव." ते कात्रण मी काचेत बसवून लिहायच्या टेबलासमोर टांगलं होतं. ते काचेसकट त्यांना पोचवावं. ते हयात नसतील तर त्यांच्या मुलाला द्यावं, तोही लिहितो म्हणे. संपादकसाहेबांनी माझ्या लेखांवर "सीमेवरची वाघीण" असा मथळा टाकला होता. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि मृत्यूनंतरही करण्याचा इरादा नाही.

धाकट्या दिरांना माझा काहीही देण्याचा विचार नव्हता. पण ते लहानपणी वाढले त्या घरातलं पितळी घंगाळ माझ्याकडे आहे, ते त्यांचं आहे, त्यांनी न्यावं. वाईट माणूस नाही हो तो. भावासाठी जीव तुटतो त्याचा, म्हणून बोलतो. तो खोटं बोलत असता तर मला सोपं गेलं असतं.

कलम तिसरं: टेपा. ध्वनिमुद्रणाच्या सर्व टेपा विद्यापीठाच्या संग्रहाला द्याव्यात. त्यांत मधल्या पट्टीतल्या टेपांवर मी लाल दोरा बांधला आहे. दोन कुंपणांच्या मधे जी जमीन सोडून दिली आहे, जिथे नांगर नाही आणि घर नाही, फक्त एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत जाणारी पायवाट आहे, तिला दोन्हीकडचे लोक मधली पट्टी म्हणतात. लाल दोऱ्याच्या टेपा ऐकताना, जिथे कोणी बोलत नाही तिथे आवाज मोठा करू नये. माझ्याकडे टेपा उतरवून द्यायला एक टायपिस्टबाई येत. शांत, मन लावून काम करणाऱ्या. एके दिवशी दुपारी त्यांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "मला जमणार नाही हे काम."

"का हो? आवाज खराब आहे का?"

"आवाज छान आहे. पण प्रश्न पण तुम्हीच विचारता आणि उत्तर पण तुम्हीच देता."

त्या टेपेत मी एका मेंढपाळणीशी बोलत होते. मी टेप लावली, ऐकली आणि परत डब्यात घातली. विद्यापीठाने काय ते ठरवावं.

कलम चौथं: बूट, शाल, घड्याळ. ज्याला बसतील त्याला. शाल कोणाला देऊ नये, ती माझ्यावर घालावी.

कलम पाचवं: कॅमेरा, आणि तो वापरायचा तो माणूस. आता मुद्द्यावर येते.

माझ्या पुस्तकांतले फोटो माझ्या नवऱ्याने काढले. आम्ही एकाच वर्तमानपत्रात होतो, भांडता भांडता लग्न केलं. एकमेकांना अरे-तुरे करायचो, त्यावरून सासूबाई दुखावल्या होत्या. माणूस तापट. चहा गार झाला म्हणून कप मोरीत आदळायचा आणि मग दिवसभर स्वतःच गप्प बसायचा. बेसूर गायचा, आणि तेही मोठ्याने. आणि एवढे फोटो काढून त्याचा स्वतःचा फोटो घरात एकही धड नाही, कारण कॅमेरा कायम त्याच्याच डोळ्याला. लग्नातला एक आहे. त्यात तो कॅमेऱ्याचं बटण दाबून धावत माझ्याशेजारी येतो आहे, त्यामुळे माझ्या बाजूला नुसता पुसट पट्टा आहे. दिरांच्या वकिलाने पुरावा म्हणून तोच मागितला. खुशाल न्या म्हटलं.

शेवटच्या पुस्तकासाठी तो परवाना घेऊन पट्टीपलीकडे गेला. आठवडाभरात येणार होता. आला नाही. मी आमच्या फाटकावर विचारलं, ते म्हणाले, गेले. पलीकडच्या फाटकावर निरोप धाडला, ते म्हणाले, परत गेले की. दोन्हीकडून विचारलं, आणि दोन्हीकडचं जुळलं तर काय जुळलं, तर तो मधे आहे. मेंढपाळणीला विचारलं. तिचं अर्धं आयुष्य कुंपणाला पाठ लावून गेलेलं. ती म्हणाली, "पट्टी माणूस ठेवून घेते, आणि माणूस परत पण देते. तोच देते असं कुणी सांगितलं तुला?"

मी मग स्वतः गेले. पलीकडे गावोगाव विचारत फिरले. ज्या टपरीत मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, तिथली बाई कपबशी पुसता पुसता म्हणाली, "परत आलात? काही विसरलं का?" तिला वेड लागलं असेल असं समजून मी चहा प्यायले. तो कुठे सापडला नाही. येताना पट्टीतून चालत होते, भर दुपारची वेळ, धुकं नाही, ऊन नाही, नुसता पांढरा उजेड, त्यात माझी सावलीसुद्धा पडत नव्हती. समोरून एक बाई आली. माझ्याच चणीची. अंगावर माझ्यासारखीच शाल. आम्ही दोघी थांबलो. मी हात वर केला, तिने पण केला. मग ती तिकडे गेली आणि मी इकडे आले. हे मी कुठे छापलं नाही, कारण साक्षीदार एकच, आणि पलीकडचा साक्षीदार गाठायला मला धीर झाला नाही.

घरी आले. दार वाजवलं. दार उघडलं ते याने. दाढी वाढलेली, हातात झारा, आत चुलीवर काहीतरी शिजत होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "कोण हवंय?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय मेला. मग तोही हसला, पण जरा उशिरा. तो त्याच दिवशी सकाळी परत आला होता म्हणे. वाट चुकलो, ताप आला, एका झोपडीत पडून होतो, एवढंच सांगितलं.

त्या दिवसापासून मी त्याला दोन्हीकडून विचारत आले. जेवताना, कपडे वाळत घालताना, सहज बोलल्यासारखं. आपण पहिलं भांडण कशावरून केलं, माझ्या आईला कुठला रंग आवडायचा नाही, पहिल्या घराच्या जिन्याची कुठली पायरी वाजायची. सगळी उत्तरं बरोबर. एकही चूक नाही, आणि तिथेच मला शंका आली. फाटकावरचे शिपाई सुद्धा हेच बघतात. ज्याचं गाव असतं तो गावाबद्दल चुकतो, अडखळतो, "थांबा हं" म्हणतो. पाठ करून आलेला चुकत नाही.

आणि माणूस बदलला होता. कप आदळणं बंद. चहा गार झाला तर मुकाट्याने गरम करून पितो. माझ्या साड्यांच्या घड्या घालतो. गाणं तर ओठांवर नाही. कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, "हात बसत नाही आता." माझ्याही तोंडून त्याच्यासाठी "अरे" येईना. मी अहो म्हणायला लागले. सासूबाई असत्या तर पेढे वाटले असते.

तर वकीलबाई, तुमचे दोन शब्द खोडले ते यासाठी. जो गेला त्याच्यावर माझं प्रेम होतं, अजून आहे, त्याच्या बेसूर गाण्यासाठी मला अजून रडू येतं. जो आला त्याच्याबरोबर मी संसार केला. माझ्या दुखण्यात यांनी माझं सगळं केलं. अंघोळ घालण्यापासून. यांची मला माया आहे, हे मी यांना तोंडाने कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. पण हे तेच आहेत, अशी सही मला करता येत नाही.

कॅमेरा यांनाच द्यावा. वापरतील न वापरतील.

कलम सहावं: घर (पहिला मसुदा, रद्द). इथे मी असं लिहिलं होतं: "जो माझ्या लग्नाचा नवरा, तो परत आला तर घर त्याचं, तोवर घरात राहणाऱ्या इसमास हयातभर राहू द्यावं." मला वाटलं, हे सगळ्यांना न्याय देणारं आहे. खोटं काही नाही, आणि छप्परही जात नाही. वकीलबाई म्हणाल्या, "ते 'इसमास' वाचून त्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, माझ्यामागे वाचणार आहेत ना. वकीलबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

म्हणून काल दुपारी मी हे सगळं यांना वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात. हे शेंगा सोलत होते. न्हाव्यापासून इसमापर्यंत सगळं ऐकलं. संपल्यावर टरफलं एका बाजूला केली.

"धाकट्याला घंगाळ दिलंस ते बरं केलंस," म्हणाले.

"बाकीचं?"

"बाकीचं खरंच आहे. पण तू एक गोष्ट एकाच बाजूने लिहिलीस."

"कुठली?"

"दाराची. मी कोण हवंय विचारलं, ते लिहिलंस. का विचारलं ते कधी विचारलंच नाहीस."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"आपलं दार थोडं उचलून ढकललं की उघडतं. इतकी वर्षं तू तसंच उघडायचीस, खांद्याने. त्या दिवशी तू वाजवलंस. मी उघडलं, तर समोर एक बाई. शाल तुझी, चप्पल तुझी. पण बघत होतीस ती घराकडे नवीन बघितल्यासारखी. म्हणून विचारलं."

"मग तुम्ही हसलात का?"

"तू हसलीस म्हणून. तुझं हसू निराळं होतं. बरं होतं, पण निराळं." शेंगा परत सोलायला घेतल्या. "मग मी पण तुला विचारत राहिलो. जिन्याची पायरी तू मला विचारायचीस, पण तुझ्या शाळेतल्या बाईंचं काय, तुझ्या हातावरचा डाग कशाचा, हे मी तुला विचारायचो. तुझ्या लक्षात नसेल आलं. तू पण एकही चूक केली नाहीस."

बाहेर कोणाचातरी रेडिओ चालू होता. पट्टीतली ती बाई हात वर करून तिकडे निघून गेली होती. ती कुठे गेली, कोणाच्या दारात उभी राहिली, दार वाजवलं की उचलून ढकललं, हे मी एवढ्या वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. मी मीच, हे मी कधी दोन्हीकडून विचारलंच नव्हतं.

शेवटी म्हटलं, "मग आत कशाला घेतलंस रे?"

"बाहेर गार वारा होता," तो म्हणाला. "आणि तू फार दमलेली दिसत होतीस."

कलम सहावं: घर (कायम). वकीलबाईंना मी आज सकाळी विचारलं, घर त्या दुपारच्या आधी घेतलेलं असेल, आणि लिहून देणारी त्या दुपारी आलेली असेल, तर? त्यांना उलगडून सांगावं लागलं. ऐकल्यावर त्यांनी मसुदा पुन्हा चाळला. मग म्हणाल्या, "बँकेत सही जुळते. कागदावर तुम्ही तुम्हीच आहात. पण पाचवं कलम आणि सहाव्याचा रद्द मसुदा काढून टाका. नाहीतर तुमचे दीर हाच कागद घेऊन उभे राहतील."

राहू देत. मी ती नव्हे असं त्यांना म्हणायचं असेल, तर त्यांना तिला घेऊन यावं लागेल. हा तो नव्हे असं म्हणायचं असेल, तर त्यालाही. दोघांना पट्टीतून आणून कोर्टात उभं करावं. मलाही त्यांना एकदा बघायचं आहे. माझी समजूत आहे की ती तिकडे त्याच्यापर्यंत पोचली असेल. कप आदळणारा आणि खांद्याने दार ढकलणारी, दोघं तिकडे एका घरात असतील, आणि तिलाही त्याला अरे म्हणायला जड जात नसेल. याला पुरावा नाही. याला एकही साक्षीदार नाही. हे मी माझ्या पदरचं घालते आहे, समीक्षकांना कळवावं.

तर माझं राहतं घर, आतल्या सामानासह, अंगणासह, मी माझ्या नवऱ्याला देते. नवरा म्हणजे, त्या दुपारी ज्याने दार उघडलं तो. त्याचा हक्क पूर्ण आणि कायमचा, त्याला कोणी काही विचारू नये.

एकच अट. पुढेमागे, तो हयात असताना किंवा नंतर, पट्टीकडून कोणी म्हातारी किंवा म्हातारा या दारात येऊन उभा राहिला, चेहरा आमच्यापैकी कोणाचाही असो, तर घरात जो कोणी राहत असेल त्याने त्यांना आत घ्यावं, गरम काहीतरी प्यायला द्यावं, आणि कोण हवंय असं विचारू नये.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघर.
दिनांक: तारीख वकीलबाई शिक्क्याबरोबर घालतील. वार मंगळवार, हे डॉक्टरांना विचारून घेतलं.

लिहून देणार: सही (डाव्या हाताने कागद धरून, उजव्या हाताने).

साक्षीदार पहिले: गल्लीच्या टोकाचे डॉक्टर. सही.
साक्षीदार दुसऱ्या: पूर्वीच्या टायपिस्टबाई. सही.

छापील नमुन्यात साक्षीदारांच्या वर "लिहून देणार यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो" असं वाक्य होतं. ते दोघांच्या संमतीने खोडलं असून त्याजागी पुढील वाक्य घातलं आहे: "लिहून देणार यांना आम्ही आमच्यासमोर सही करताना पाहिलं, आणि सही करताना त्यांचा हात त्यांच्या यजमानांनी धरला नव्हता, पण ते शेजारी उभे होते."